लोर्ट्सिंगला ‘नाइट’ का नाही मिळाली

प्रश्न असा विचारलाय की जर्मनीत थिएटरसाठी संगीत लिहिणारा आणि तिथेच कंडक्टर म्हणून नोकरी करणारा माणूस, त्याचं करिअर नक्की कसं असतं, आणि आल्बेर्ट लोर्ट्सिंगसारख्याच्या ऑपेरा गावोगाव चालत होत्या तर तो कर्जात कसा काय मेला. मी गेली सोळा वर्षं एका मध्यम आकाराच्या जर्मन शहरातल्या थिएटरात कोरेपेटिटोर आहे, म्हणजे पियानोवर बसून गायकांकडून पार्ट बसवून घेणारा, तालमी वाजवणारा, वेळ पडली तर विंगेतून कोरसला हात दाखवणारा. लोर्ट्सिंगच्या दोन ऑपेरा मी पहिल्या दिवसापासून प्रयोगापर्यंत बसवल्यात, त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच प्रेम आहे, ते धरून वाचा.

आधी उत्तराचा गाभा सांगतो मग पसारा मांडतो. आपल्याकडे नाटकवाले ‘नाइट’ घेतात, बरोबर? प्रयोग झाला की त्या प्रयोगाचे पैसे. लोर्ट्सिंगला नट म्हणून पगार मिळाला, गायक म्हणून मिळाला, कंडक्टर म्हणून मिळाला, पण संगीतकार म्हणून नाइट कधी मिळाली नाही. एकदा स्कोअर, म्हणजे ऑपेराचं लिहून काढलेलं संगीत, विकला की विषय संपला, मग ते थिएटर त्याचे पाच प्रयोग करो नाहीतर पन्नास. बाकी जे काही सांगणार आहे ते सगळं याच्याभोवतीच फिरतं.

हा माणूस 23 ऑक्टोबर 1801 ला बर्लिनमध्ये जन्मला. आईवडलांचा चामड्याचा व्यापार, पण दोघांनाही नाटकाचं वेड, बर्लिनच्या ‘उरानिया’ नावाच्या हौशी नाट्यमंडळात दोघं रमलेले. धंदा बसला तेव्हा त्यांनी सरळ दुकान गुंडाळलं आणि पोराला घेऊन व्यावसायिक नट म्हणून फिरायला लागले. पोरगा दहा-अकरा वर्षांचा. ब्रेस्लाउ, बांबेर्ग, फ्रायबुर्ग, पुढे ऱ्हाइनलँडमध्ये डेरोसीच्या कंपनीबरोबर ड्युसेलडोर्फ, आखेन वगैरे. त्यामुळे शाळा नाही, कॉन्झर्वेटरी म्हणजे संगीतशाळा नाही, बर्लिनमध्ये रुंगेनहागेनकडे थोडे धडे झाले तेवढंच. बाकी सगळं विंगेत उभं राहून ऐकत, नकला करत, पार्ट उतरवून काढत शिकला. फ्रायबुर्गला बारा वर्षांचा असताना दोन अंकांच्या मध्ये स्टेजवर येऊन विनोदी कविता म्हणायचा असं सांगतात, आणि मला वाटतं त्याचं पुढचं सगळं संगीत तिथूनच आलंय, म्हणजे पडदा पडलाय, लोक खुर्चीत चुळबुळ करतायत आणि तुम्हाला त्यांना धरून ठेवायचंय.

1824 मध्ये त्याने रोझिना आलेस या नटीशी लग्न केलं. अकरा मुलं झाली, त्यातली बरीच लहानपणीच गेली. हे आकडे नुसते चरित्रातले म्हणून सोडू नका, कारण पुढचा प्रत्येक करार, प्रत्येक शहरबदल या घरखर्चाकडे बघूनच झालाय.

1826 पासून 1833 पर्यंत तो डेटमोल्डच्या दरबारी थिएटरात होता. दरबारी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर झुंबरं येतात पण हे संस्थान छोटं, कंपनी वर्षातला बराच काळ म्युन्स्टर, ओस्नाब्र्युक असं फिरत असायची. इथे तो गायचा, नाटकात काम करायचा, गरज पडली तर ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायचा आणि लागेल ते संगीत लिहून द्यायचा. 1829 मध्ये ग्राबं या नाटककाराचं ‘डॉन हुआन आणि फाउस्ट’ तिथे लागलं, त्याचं संगीत लोर्ट्सिंगचं, डॉन हुआनचं काम लोर्ट्सिंगचं, आणि डोना आनाचं काम त्याच्या बायकोचं. ग्राबंच्या हयातीत त्याचं हे एवढं एकच नाटक रंगमंचावर आलं. एकाच संध्याकाळी तीन कामं आणि पगार एक, हा हिशोब लक्षात ठेवा.

आता इथे जरा थांबून सांगतो की ‘थिएटर-कंपोझर’ हा वेगळा हुद्दाच तेव्हा नव्हता. कापेलमाइस्टर हा हुद्दा होता. कापेलमाइस्टर म्हणजे निव्वळ काठी हलवणारा नाही, त्याने तालमी घ्यायच्या, बाहेरून आलेल्या ऑपेरातले पार्ट आपल्याकडच्या गायकांच्या गळ्याला जुळवून घ्यायचे, एखादी बाई म्हणाली की मला या अंकात आणखी एक आरिया, म्हणजे एकटीचं गाणं, पाहिजे तर तीही लिहून द्यायची, गद्य नाटकाला मार्च, नाच, वादळ, प्रेतयात्रा जे हवं ते पुरवायचं. संगीतकार वेबर सतराव्या वर्षी ब्रेस्लाउला कापेलमाइस्टर झाला, मग प्राग, मग ड्रेस्डेन. वाग्नर माग्देबुर्ग, क्योनिग्सबेर्ग, रीगा असं करत ड्रेस्डेनला पोचला. पुढे मालरचंही तेच, कासेल, प्राग, लाइपझिग, बुडापेस्ट, हांबुर्ग. म्हणजे गावं बदलत वर चढायची शिडी. फरक एवढाच की हे तिघं खड्ड्यातून, म्हणजे ऑर्केस्ट्रा पिटमधून वर आले, आणि लोर्ट्सिंग आला स्टेजवरून. तो आधी नट होता. जर्मन संगीतवाल्यांच्या जगात हे त्याला कायम नडलं असं माझं मत आहे.

1833 ला तो लाइपझिगच्या श्टाट-थिएटरात, म्हणजे शहराच्या थिएटरात, आला, डायरेक्टर रिंगेलहार्ट, आईवडील आधीच त्याच कंपनीत. याची नेमणूक टेनर-बुफो म्हणून, म्हणजे विनोदी टेनर, शिवाय गद्य नाटकात पण कामं. आणि इथे बसून फावल्या वेळात, स्वतःच लिब्रेटो म्हणजे ऑपेराची संहिता लिहून, त्याने ती कामं केली ज्यासाठी आज नाव आहे. 1837 च्या फेब्रुवारीत ‘दोन शुत्सन’ म्हणजे दोन नेमबाज सैनिकांची गोष्ट, आणि त्याच वर्षी 22 डिसेंबरला ‘झार उंट त्सिमरमान’, झार आणि सुतार.

गोष्ट अशी की रशियाचा झार पीटर ओळख लपवून हॉलंडच्या झारडाममध्ये जहाजाच्या कारखान्यात सुतार म्हणून काम करतोय, आणि तिथेच आणखी एक रशियन पीटर आहे, सैन्यातून पळालेला. गावचा बुर्गरमाइस्टर फान बेट, स्वतःला महाशहाणा समजणारा, यातला खरा कोण हे शोधायला निघतो आणि अर्थातच चुकीचा धरतो. मूळ फ्रेंच नाटक, त्यावर डोनिझेत्तीनेही लोर्ट्सिंगच्या आधी दहा वर्षं ऑपेरा केली होती, ती आज फार कुणाला आठवत नाही. लोर्ट्सिंगने पळपुट्या पीटर इवानोफचा पार्ट स्वतःच्या गळ्याला लिहिला आणि स्वतः गायला, आणि विधवा ब्रोवंच्या कामात त्याची आई. आई आणि मुलगा एकाच स्टेजवर, मुलाच्या ऑपेरात! मला दरवेळी हे वाचताना आपल्या जुन्या नाटक कंपन्यांची बिऱ्हाडं आठवतात.

तसं बघायला गेलं तर हा प्रकारच मराठी माणसाला पटकन कळणारा आहे. जर्मन लोक याला श्पीलओपर म्हणतात, संवाद बोलायचे आणि मध्ये गाणी, आपल्या संगीत नाटकासारखं. दोन्हीकडे एकच कसब लागतं, बोलता बोलता गाण्यात शिरायचं आणि शिवण दिसू द्यायची नाही. साम्य तेवढंच, कारण इकडे गाणं एन्सेम्बलकडे जातं, पाच-सहा जण एकाच वेळी वेगवेगळं गातायत आणि तरी प्रेक्षकाला प्रत्येकाचं भांडण कळतंय.

‘झार’ मध्ये तिसऱ्या अंकात एक तालमीचा सीन आहे. फान बेटने झारच्या स्वागतासाठी एक कांटाटा, म्हणजे कोरसने गायची रचना, रचलाय आणि तो गावकऱ्यांकडून बसवून घेतोय. कोरसला मुद्दाम वाईट गायला लावायचं असतं आणि ते ठरलेल्या जागीच वाईट व्हायला पाहिजे. हे बसवणं चांगलं गाणं बसवण्यापेक्षा अवघड, खोटं नाही सांगत. आमच्याकडे पहिल्या तालमीला कोरस इतका खूश झाला की सगळे आपापल्या मनाने चुकायला लागले, आणि कंडक्टरने हात खाली ठेवून सांगितलं की प्लीज, चुका स्कोअरप्रमाणे करा. हा सीन असाच माणूस लिहू शकतो ज्याने आयुष्यभर अशा तालमी खाल्ल्यात, मागच्या रांगेत उभं राहून.

लाइपझिगमध्ये पहिल्या रात्री प्रतिसाद बेताचाच. 1839 च्या सुरुवातीला बर्लिनमध्ये लागली आणि मग धडाधड सगळीकडे. इथून पुढे कुठलंही मोठं जर्मन थिएटर बघा, ‘झार’ आहेच. आणि आपला संगीतकार? लाइपझिगमध्ये संध्याकाळी मेकअप करून बुफोचे पार्ट गातोय, कारण पगार त्याचा होता.

त्या काळात जर्मनी हा एक देश नव्हता, डझनावारी राज्यं, प्रत्येकाचा कायदा वेगळा. संगीतकार स्कोअरच्या हाताने नकला करून घ्यायचा आणि थिएटरांना पत्रं लिहायचा की माझी नवी ऑपेरा आहे, घेता का. घेतली तर एकरकमी मानधन. मोठं दरबारी थिएटर बरं द्यायचं, छोटी गावं घासाघीस करायची, काही तर दुसऱ्या थिएटरच्या नकलनविसाकडून चोरून नक्कल मिळवायची आणि एक पैसा द्यायची नाहीत. पियानो स्कोअर छापणारा प्रकाशकही एकरकमीच. फ्रान्समध्ये मात्र 1791 च्या कायद्यापासून लेखक-संगीतकाराचा प्रयोगावर हक्क मान्य झाला होता, तिथे गाजलेली ऑपेरा म्हणजे वर्षानुवर्षांचं उत्पन्न. म्हणून तर त्या काळातला जो तो पॅरिसकडे डोळे लावून बसायचा. जर्मनीत संगीतकारांनी स्वतःची संस्था काढून मैफिलीतल्या प्रयोगाचे पैसे गोळा करायला सुरुवात केली ती 1903 मध्ये, रिशार्ड श्ट्राउस वगैरेंच्या पुढाकाराने. लोर्ट्सिंगला जाऊन तोपर्यंत पन्नास वर्षं उलटली होती.

म्हणजे काय झालं, की त्याच्याकडे उत्पन्न वाढवायचा रस्ता एकच, नवी ऑपेरा लिहा आणि विका, परत नवी लिहा. 1839 ‘कारामो’, 1840 ‘हान्स झाक्स’, 1841 ‘काझानोवा’. हान्स झाक्स हा न्युर्नबेर्गचा मोची-कवी, वाग्नरने ‘माइस्टरझिंगर’ 1868 ला केलं, म्हणजे याच्या अठ्ठावीस वर्षांनंतर, पण ते असो. यातली बरीच कामं घाईत झालेली दिसतात. उगाच सगळंच ग्रेट आहे असं मी म्हणणार नाही. ‘कारामो’ कुणी बसवायला सांगितलं तर मी आजारपणाची रजा टाकेन.

पण मग 31 डिसेंबर 1842 ला लाइपझिगमध्ये ‘डेअर विल्टश्युत्स’ आलं, चोरटा शिकारी, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात पक्कं काम हेच. बाकुलुस नावाचा म्हातारा होत चाललेला शाळामास्तर, लग्नाच्या जेवणासाठी काउंटच्या जंगलात चोरून हरीण मारतो, पकडला जातो, नोकरी जाते. नोकरी परत मिळावी म्हणून होणाऱ्या बायकोला काउंटकडे पाठवायचं, तर तिच्या वेषात भलतीच कुणीतरी जाते, आणि शेवटी एक बॅरन त्याला म्हणतो, ही मुलगी मला सोडून दे, पाच हजार टालर देतो. मास्तरची त्यावर एक मोठी आरिया आहे. आधी धक्का, मग हिशोब, मग स्वप्नं, एवढ्या पैशात काय काय घेता येईल. लोक पोट धरून हसतात. मी पियानोवर ती वाजवताना दरवेळी विचार करतो की लिहिणाऱ्याने स्वतः एवढी रक्कम एकत्र कधी पाहिली नसणार, आणि तरी त्या आरियात कडवटपणा नावालाही नाही.

त्याच ऑपेरात काउंटेस नोकरांना बसवून सोफोक्लिस वाचून दाखवते आणि ते बिचारे पेंगतायत. हा टोमणा ताजा होता, कारण 1841 ला पोट्सडाममध्ये मेंडेलसोनच्या संगीतासह सोफोक्लिसचं ‘आंटिगोने’ झालं आणि सगळ्या सुशिक्षित वर्गाला ग्रीक नाटकाचं खूळ लागलं. मेंडेलसोन त्याच शहरात, लाइपझिगमध्ये, गेवांडहाउस या मैफिलींच्या संस्थेचा प्रमुख. गेवांडहाउसचाच ऑर्केस्ट्रा थिएटरातही वाजवायचा. वादक तेच, शहर तेच, पण मैफिलीचं जग वेगळं आणि थिएटरचं वेगळं, आणि त्या पहिल्या जगात लोर्ट्सिंगला पाट मांडून कुणी बसवलं नाही.

1844 ला तो अखेर लाइपझिगमध्येच कापेलमाइस्टर झाला. वय बेचाळीस, स्टेजवरचं बागडणं नकोसं झालेलं, आता खड्ड्यात उतरून सन्मानाने राहू असं वाटलं असणार. पण रिंगेलहार्ट गेला होता, डायरेक्टर आता नवा होता, आणि 1845 च्या वसंतात याला संधिवाताचं कारण दाखवून नोटीस. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला म्हणून परत घेतलं, आणि थोड्याच दिवसांत परत काढलं. गंमत म्हणजे त्याच वसंतात, 21 एप्रिलला, माग्देबुर्गला त्याची ‘उंडीने’ लागली, जलपरीची रोमँटिक ऑपेरा, वेबरच्या वाटेने जाणारी, आणि ती चालली. एका गावात टाळ्या, दुसऱ्या गावात नोटीस.

मग व्हिएन्ना. 1846 मध्ये थेआटर आन डेअर वीनमध्ये ‘वाफेनश्मीड’ म्हणजे शस्त्रं घडवणाऱ्या लोहाराची ऑपेरा, आणि तिथेच कापेलमाइस्टरची नोकरी. दोन वर्षं बरी गेली म्हणायची तोवर 1848 ची क्रांती. थिएटर रिकामी, करार गेला. त्या वर्षी त्याने ‘रेगीना’ लिहिली. पडदा उघडतो तो कारखान्यातल्या कामगारांच्या संपावर! 1848 मध्ये ऑपेराच्या स्टेजवर संप! अर्थातच कुणी हात लावला नाही. नोव्हेंबरमध्ये व्हिएन्नात रोबेर्ट ब्लुमला गोळ्या घातल्या. ब्लुम हा लाइपझिगच्या थिएटरातला जुना सेक्रेटरी, याचा मित्र, राजकारणात जाऊन फ्रांकफुर्टच्या संसदेपर्यंत पोचलेला. ‘रेगीना’ पहिल्यांदा लोकांसमोर आली 1899 ला, बर्लिनमध्ये, तीही बदल करून.

मला विचाराल तर याच्या करिअरमधला सगळ्यात वाईट भाग पुढची दोन वर्षं. 1849 ला लाइपझिगला परत, नवी ऑपेरा लागली, पण कायमची जागा मिळाली नाही. मग हा माणूस, ‘झार’ चा संगीतकार, गेरा, ल्युनेबुर्ग अशा छोट्या गावांत परत नट म्हणून फिरला. जिथून सुरुवात केली तिथेच. प्रेक्षकातल्या काहींनी त्याचंच गाणं घरी पियानोवर वाजवलं असेल आणि समोर तो एखाद्या फार्समध्ये काका झालाय.

1850 मध्ये बर्लिनला फ्रीडरिश-विल्हेल्मश्टाट थिएटरात कापेलमाइस्टरची जागा मिळाली. ही इमारत म्हणजे आजचं डॉइचेस थिएटर. पण तेव्हा तिथे फार्स, हलकीफुलकी गाण्याची नाटकं, ऑर्केस्ट्रा लहान, पगार तुटपुंजा. 20 जानेवारी 1851 ला फ्रांकफुर्टमध्ये त्याची शेवटची एकांकी ऑपेरा लागली, ‘ओपर्नप्रोबं’ म्हणजे ऑपेराची तालीम, एका संगीतवेड्या काउंटच्या घरातले नोकरचाकर ऑपेरा बसवतायत अशी. 21 ला सकाळी बर्लिनमध्ये झटका येऊन तो गेला. वय एकोणपन्नास. अंत्ययात्रेला मायरबेअरसकट संगीतातले मोठे लोक हजर होते. थिएटरातल्या सहकाऱ्यांनी शवपेटी काळ्या-लाल-सोनेरी, म्हणजे क्रांतीवाल्यांच्या रंगांत सजवली होती, जे 1848 नंतर करायला बंदी होती. घरच्यांसाठी मग मदतीचे प्रयोग झाले. म्हणजे नाइट मिळाली, पण कधी बघा.

आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग, आज हे करिअर कसं असतं. शिडी तीच आहे, नावंही तीच. कोरेपेटिटोर, मग ‘कंडक्ट करण्याच्या जबाबदारीसह’ कोरेपेटिटोर, मग दुसरा कापेलमाइस्टर, पहिला कापेलमाइस्टर, आणि नशिबात असेल तर गेनेरालमुझिकडिरेक्टर, म्हणजे थिएटरचा संगीतप्रमुख. फरक असा की आज थिएटरं शहराच्या आणि राज्याच्या पैशावर चालतात, विमा-पेन्शन आहे, आजारी पडलो तर पगार चालू राहतो. पण स्टेजवाल्यांचे करार अजूनही एकेका सीझनचे, आपोआप पुढे सरकणारे, आणि पुढच्या सीझनला ठेवायचं नसेल तर थिएटरने साधारण ऑक्टोबर अखेरीपर्यंत कळवायचं असतं. त्यामुळे ऑक्टोबर आला की कँटीनमध्ये आवाज जरा खाली येतात. पंधरा वर्षं एकाच थिएटरात झाली की माणसाला काढणं अवघड होतं, आणि म्हणूनच चौदाव्या वर्षी बऱ्याच जणांना पत्र येतं. मी त्यातून वाचलो, कसा ते विचारू नका. ऑर्केस्ट्रातल्या वादकांचा करार निराळा आणि पक्का असतो, हे खड्डा विरुद्ध स्टेज प्रकरण लोर्ट्सिंगच्या वेळेपासून आहे तसंच आहे.

आणि कंपोझर-कंडक्टर ही जोडगोळी आता जवळजवळ फुटली. गद्य नाटकाला संगीत देणारे वेगळे, लॅपटॉप घेऊन येतात, एका प्रोडक्शनचं काँट्रॅक्ट करतात, हुशार लोक असतात. कापेलमाइस्टर लिहीत नाही, त्याला वेळच नाही. लोर्ट्सिंगही कमी झालाय. संवादवाली ऑपेरा म्हटली की जगभरातून आलेल्या गायकांना जर्मन बोलायला लावायचं, ते सोपं नाही, आमच्याकडे एका प्रयोगाला एका पाहुण्या गायकाने संवादाची दीड पानं उडवली आणि ऑर्केस्ट्रा अजून पाणी पीत होता.

तुम्ही पियानो वाजवता असं लिहिलंय म्हणून एक सांगतो. ‘विल्टश्युत्स’ चा पियानो स्कोअर इंटरनेटवर फुकट मिळतो, दुसऱ्या अंकातला बिलियर्डचा क्विंटेट, म्हणजे पाच जणांचं गाणं, काढा. काउंट आणि बॅरन खेळतायत, दोघांचाही डोळा त्या वेषांतर केलेल्या मुलीवर आहे, मध्येच दिवे विझतात, आणि मास्तर चर्चमधला कोराल गायला लागतो. डाव्या हाताने बास चालू ठेवा, उजव्याने जमेल तेवढी ऑर्केस्ट्रा, आणि वर पाचही पार्ट तोंडाने म्हणत कुणाची एंट्री कधी ते मानेने दाखवा, टेम्पो न पाडता. दोन महिने लागतील. झालं की मला कळवा, इकडच्या ऑडिशनला साधारण हेच मागतात.